पाचशेला चाळीस

मल्हारी हवालदारानं रायफलचा दस्ता खांद्याला लावला, तेव्हा त्याच्या ओठांवर काकड्याची चाल होती. पुढं जी लाज त्याच्या वाट्याला आली, तिच्यात सगळ्यात जास्त टोचली ती या चालीची लाज.

त्याची सारी नोकरी बर्फाच्या डोंगरांत गेली. दोन पावलं चाललं की छाती भात्यासारखी हलायला लागते, इतक्या उंचावर तो नेमबाज होता. पुढं नव्या पोरांना शिकवायलाही तिथंच राहिला. तिथली हवा पातळ असते. पातळ हवेत गोळीला अडवणारं कुणी नसतं, ती सरळ लांबवर जाते आणि खाली कमी येते. त्यामुळं लांबच्या नेमासाठी दुर्बिणीवरचं चाक किती खटके फिरवायचं, याचा तिथला हिशेबच वेगळा. हा हिशेब पोरांच्या ध्यानात राहीना, थंडीनं डोकी बधिर व्हायची. मल्हारी घरचा माळकरी. लहानपणापासून बापाच्या धोतराला धरून बोरखडीच्या देवळात पहाटेच्या काकड्याला उभा राहिलेला. त्यानं तो हिशेब काकड्याच्या चालीतच बसवला. ‘तीनशेला सोळा, चारशेला अठ्ठावीस, पाचशेला चाळीस.’ मंग काय, पंजाबातली पोरं, गढवालातली पोरं, सगळी जालना जिल्ह्यातल्या एका आडगावची चाल गुणगुणत खटके मोजायला लागली. मल्हारीला भरून यायचं. देवाची चाल एवढ्या वर पोचवली, ही पण सेवाच झाली, असं त्याला वाटायचं.

निवृत्त होऊन तो बोरखडीला आला. राजूरच्या पुढं, डोंगराच्या कुशीतलं गाव. सकाळी शेत, संध्याकाळी भजन, आणि आसपास वीस गावांत कुठंही कीर्तन असलं की मोटारसायकलवर मागं बायको प्रेमलाला घेऊन हजर. कीर्तनकारानं चांगला दृष्टांत दिला की याचे डोळे आधी भरायचे, टाळ मागून वाजायचा.

यंदा रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, उच्छाद मांडला. गोपिकाबाईचा हरभरा डोंगराच्या उतारावर. कळप पहाटे यायचा, खायचा थोडा आणि लोळून सत्यानाश करायचा जास्त. गोपिकाबाई एकटी बाई, रात्रभर डबा वाजवून, ओरडून तिचा आवाज बसला होता. मागची काही वर्षं वनखात्याकडून रोही मारायची परवानगी याकूबभाईच्या नावानं मिळायची. त्याच्याकडं आजोबांच्या काळातली दुनळी बंदूक होती. त्याची रीत अशी, की पिकातच दडून बसायचं, जनावर अगदी समोर येईस्तोवर बार काढायचाच न्हाई. कितीदा तर तो नुसताच दवानं भिजलेल्या पायजम्यानं घरी यायचा. यंदा लोक म्हणाले, आपल्यात मिलिटरीतला नेमबाज असताना हे कशाला? परवानगी मल्हारीच्या नावानं झाली.

त्या दिवशी पारावर मल्हारी जरा जास्तच बोलून गेला.

“याकूबभाई, तुमची दुनळी आता वरातीत काढा. तिथं नेम लागत न्हाई.”

सगळा पार हसला. याकूबभाईही हसला. तो मल्हारीपेक्षा वयानं मोठा, लहानपणी त्यानंच मल्हारीला गलोल करून दिलेली. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारत तो म्हणाला, “बराबर हाय, हवालदार. वरातीत कमसे कम कुणी मरत तर न्हाई.”

सप्ताहाला येणारे भागवत महाराज त्याच वेळी गावात आले होते. मल्हारीनं त्यांना एकटं गाठून विचारलं, “महाराज, गळ्यात माळ हाय. मारू का नको?”

महाराजांनी त्याच्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं. मग म्हणाले, “बाईचं पीक वाचवायचंय, कायद्यानं परवानगी हाय. मी नको म्हणून मोकळा होईन, पण हरभरा काय मी आणून देणार न्हाई. मारावंच लागलं तर तडफडू देऊ नका. एवढंच.”

मल्हारीनं छातीवर हात ठेवला. “महाराज, तडफडणार न्हाई. ते माझ्याकडं लागलं.”

सप्ताहाच्या आदल्या दिवशी, थंडीच्या सकाळी, तो समोरच्या टेकडीवर चढला. नाल्याच्या अलीकडं टेकडी, पलीकडं गोपिकाबाईचं शेत. मागं दहा-पंधरा माणसं तमाशा बघायला. सप्ताहाचं सगळं बघणारा, पखवाज वाजवणारा सुग्रीव त्यात पुढं. “जवळ जाऊन मारा की,” कुणीतरी म्हणालं. मल्हारी हसला. जवळ गेलं की कळप वास घेतो, पळतो, हे खरंच होतं. पण एवढ्या लांबून पडलेला रोही गावानं बघावा, ही हौसही तितकीच खरी होती.

त्यानं चिमूटभर माती सोडून वारा बघितला. पलीकडचं गवत कसं डुलतंय ते बघितलं, वाऱ्याची सूट बराबर धरली. अंतर पाचशे मीटरच्या आसपास. डोंगराच्या पायथ्याला कळप उभा, कडेला एक दांडगा नर, पाठीमागं मातीचा उतार, माणूस न्हाई की गुरंढोर न्हाई. मल्हारीचं बोट चाकावर गेलं आणि ओठांवर आपोआप चाल आली. पाचशेला चाळीस. खटके मोजले, श्वास सोडला, बार काढला.

दुर्बिणीतून त्यानं एकट्यानंच बघितलं. गोळी छातीच्या खाली गेली. नराचा पुढचा पाय गुडघ्यापासून लोंबला, जनावर तोंडावर पडलं, तीन पायांवर उठलं आणि कळपामागं धडपडत डोंगराच्या कडेला गायब झालं.

मागच्यांना नुसता पळणारा कळप आणि धूळ दिसली.

“लागली का हो?” सुग्रीवनं विचारलं.

मल्हारीचं डोकं अजून दुर्बिणीलाच होतं. ते वर काढायच्या आत त्याचं तोंड बोलून गेलं. “वरून गेली.” आणि मग, कुणी काही म्हणायच्या आत, “मुद्दामच सोडली वरून. धाक बसवायला. आता यायचे न्हाईत.”

या ‘मुद्दाम’ शब्दाची त्याला तिथंच शिसारी आली. पण शब्द बाहेर पडला होता, आणि माणसं त्याच्या पाठीवर थापा मारत होती.

जखमी जनावर सोडून यायचं न्हाई, ही परवानगीतली अट होती. अट नसती तरी त्याला ठाऊक होतंच. दुपारी गुपचूप जाऊ, माग काढू, संपवू, असं त्यानं ठरवलं. पण दुपारी सुग्रीव नारळ घेऊन दारात उभा. “दादा, सप्ताहात दुपारचा वीण्याचा पहारा तुमचा. सगळ्यांनी ठरवलंय. हातात बंदूक असून जीव घेतला न्हाई, असा माणूस वीण्याला पाह्यजे.” त्याच्यामागं टाळकरी, त्यांच्यामागं बाया. आता यांच्यादेखत रायफल घेऊन कुठं निघायचं, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं? मल्हारीनं नारळ घेतला. तो कपाळाला लावून त्यानं डोळे मिटले, तेही त्यांना भक्तीचंच वाटलं.

चुकलं कुठं, हे त्याला आंघोळीच्या पाण्यात तांब्या बुडवताना कळलं. सकाळी टेकडी चढताना त्याला धाप लागली नव्हती. वर चढून त्यानं सुग्रीवशी गप्पा मारल्या होत्या! बर्फात इतकं चढल्यावर तोंडातून शब्द निघायचा न्हाई. छातीभर श्वास मिळत होता, म्हणजे हवा जड होती. जड हवा, त्यात थंडीची सकाळ, म्हणजे आणखी जड. अशा हवेत गोळी अडखळते, लवकर खाली येते. चाळीस खटके हे वरच्या डोंगराचे होते, बोरखडीच्या टेकडीला आणखी आठ-नऊ लागले असते. तेवढ्यानं गोळी वीतभर खाली गेली होती. निवृत्त होऊन गावी आल्यावर परवान्याची रायफल तपासली होती ती शंभर मीटरवर, पांढऱ्या दगडावर, आणि तिथं हा फरक दिसतच न्हाई. हेच तर तो पोरांना घसा कोरडा करून सांगायचा. जागा बदलली, हवा बदलली, की नव्यानं हिशेब करा. आणि स्वतः मात्र चाल आठवली म्हणून हिशेब केलाच न्हाई. चाल खाली आणली आणि वरची हवा तिच्यातच राहिली.

“पाणी गार झालं की,” बाहेरून प्रेमला म्हणाली. “अवो, काय करून राह्यले?”

“काही न्हाई.”

“मंग तांब्या तर वाजू द्या.”

सप्ताह बसला. पहाटे काकडा, दुपारी पोथी, संध्याकाळी कीर्तन. मल्हारी पहिल्याच पहाटे काकड्याला उभा राहिला आणि ती चाल सुरू झाली. सगळं गाव देवाला उठवत होतं, आणि याच्या तोंडात आकडे. टाळ चुकला. शेजारच्यानं कोपर मारलं. पुन्हा चुकला. लहानपणी बापानं याच चालीवर त्याचा टाळ बराबर बसवला होता, हातावर हात धरून. आता त्या चालीत एक लोंबता पाय शिरला होता, तो काही केल्या निघेना.

सकाळी गोपिकाबाई हरभऱ्याची कोवळी भाजी पदरात घेऊन आली. आवाज अजून बसलेलाच. “मल्हारीदादा, एकबी रोही फिरकला न्हाई. मी रातभर निजले हो! पीक बी राखलं अन् जीव बी. तुमच्या आईनं चांगलं दूध पाजलं तुम्हाला.” प्रेमलानं त्याच भाजीची पातळ भाजी केली. मल्हारीनं भाकरी मोडली आणि हातातच धरून बसला.

संध्याकाळच्या कीर्तनात भागवत महाराजांनी दयेवर निरूपण लावलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. महाराज म्हणाले, “लांब कशाला जाता? तुमच्याच गावात एक जण हाय. बोटाखाली मरण होतं, आणि त्यानं बोट वर केलं. बोला, हाय का न्हाई?” पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. सुग्रीवनं पखवाजावर थाप मारली. मल्हारी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. कीर्तनात इतकी वर्षं त्याचे डोळे भरत आले, आज कोरडे ठणठणीत होते. दिवे जाऊन अंधार व्हावा, एवढंच तो मनात म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा वीण्याचा पहारा. सप्ताहभर वीणा जमिनीवर टेकवायचा नसतो. एकानं उभं राहून तो छेडत राहायचं, पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, आणि मगच मोकळं व्हायचं. मल्हारी देवापुढं उभा राहून वीणा छेडत होता. बाया पोथी ऐकत होत्या. सुग्रीव पाठीमागून आला आणि त्याच्या कानाशी लागला.

“ऐकलं का? तळ्याच्या काठी रोही बसलाय, पाय मोडका. गोळी लागलेली. तीन पायांवर आल्ता म्हणं पाणी प्यायला, आता उठत न्हाई. माश्या घोंगावून राह्यल्या.”

मल्हारीचं बोट तारेवर थबकलं आणि परत चालू झालं.

“हे याकूबचं काम,” सुग्रीव म्हणाला. “परवानगी गेली ना, पोटात दुखलं. फॉरेस्टच्या मॅडम आल्यात. त्याची दुनळी घेऊन गेल्या त्या, आता त्यालाबी नेतील.”

“दुनळीनं...” मल्हारी तारेकडंच बघत बोलला. “दुनळीनं तशी जखम होत न्हाई, तिच्यात छर्रे असतात. नीट बघितलं का कुणी?”

“आपल्याला काय त्यातलं कळतंय?”

“मंग उगं बोलू नये.”

“आता तुम्ही त्याची बाजू घेता? परवा तर वरातीत पाठवून राह्यला होता त्याला!”

एवढं बोलून सुग्रीव गेला. मल्हारीला वाटलं, आपण बोललो की. दुनळीची जखम तशी नसते, हे सांगितलं. मॅडम हुशार असतील, त्यांना कळेल, याकूबभाई सुटेल, आणि रोही काय, संध्याकाळपर्यंत... आणि इथं त्याचं मन थांबलं. संध्याकाळपर्यंत ते जनावर मरेल, अशी आस तो देवापुढं उभा राहून धरत होता. त्यानं समोर बघितलं. मूर्तीच्या कपाळावरचा बुक्का तसाच, हार तसाच. पाय गाभाऱ्यापुढच्या दगडावर टेकलेले होते, तरी मल्हारीला खाली काहीच न्हाई असं वाटलं.

तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी गलका झाला. वनरक्षक सत्यशीला मॅडम, खाकी कपड्यांत, पायांना चिखल. त्यांच्या शेजारी याकूबभाई. तो मंडपाबाहेर चपला काढून उभा राहिला, आत आला न्हाई. तिथूनच त्यानं हाक मारली, आणि त्या हाकेत राग नव्हता. राग असता तर मल्हारीला सोपं गेलं असतं.

“मल्हारी, जरा मॅडमला सांग बाबा. तुला बंदुकीतलं समजतं. ही जखम माझ्या दुनळीची हाय का? मी सांगतो तर कुणी ऐकत न्हाई. तुझं ऐकतील.”

पोथी थांबली. सगळ्या बाया मान वळवून बघू लागल्या. गोपिकाबाई पुढंच बसली होती, मांडीवर फुलांची पाटी.

“सुग्रीव,” मल्हारी म्हणाला, “वीणा घे.”

“पहारा पुरा व्हायचाय अजून तुमचा.”

“घे म्हणतो.”

सुग्रीव चक्रावून पुढं आला. मल्हारीनं वीणा गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातला. रीतीप्रमाणं सुग्रीव त्याच्या पायांकडं वाकला. मल्हारी एकदम मागं सरकला, त्याची टाच समईला लागली, तेल सांडलं.

“माझ्या पाया पडू नको.” आवाज इतका बारीक निघाला, की त्याला पुन्हा बोलावं लागलं. “पाया पडू नका माझ्या. ती गोळी माझी हाय. त्या दिवशी वरून गेली न्हाई. मुद्दाम बी सोडली न्हाई. नेम चुकला, पाय मोडला, मी दुर्बिणीतून बघितलं, आणि तुम्हाला खोटं सांगितलं.”

सुग्रीव अर्धा वाकलेलाच होता. वीण्याची तार कुणी न छेडता थोडी वाजत राहिली. गोपिकाबाईनं मांडीवरची पाटी उचलून बाजूला ठेवली, आणि त्या साध्या हालचालीनं मल्हारीची मान खाली गेली ती वर येईना.

सत्यशीला मॅडम म्हणाल्या, “आज तिसरा दिवस. जनावर जिवंत आहे अजून. तुम्हाला अट माहीत होती?”

“व्हय.”

“मग रायफल आणा. परवानगी मी संध्याकाळी रद्द करणार आहे, पण हे काम तुम्हीच करायचं. मी सोबत आहे.”

तळ्यापर्यंतच्या वाटेवर याकूबभाई त्याच्या शेजारून चालला. रोही काठच्या बाभळीखाली बसला होता. मोडका पाय अंगाखाली वाकडा. माणसं आलेली बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला, पुढचं अंग थोडं उचललं, परत बसला. मग नुसता बघत राहिला. मल्हारी बैलगाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर गेला. इथं वाऱ्याचा प्रश्न नव्हता, हवेचा नव्हता, कुठलाच हिशेब नव्हता. त्यानं दुर्बिणीवरचं चाक मागं फिरवायला घेतलं, फिरवताना ओठ हलायला लागले. त्यानं ओठ दातांखाली धरले. मग दुर्बीण सोडली आणि नळीवरूनच नेम धरला. जनावराचा डोळा मोठा, पाणीदार, त्यात बाभळ दिसत होती.

बार झाला. रोही एकदाच हलला आणि मान टाकली.

सत्यशीला मॅडम फोनवर त्यांच्या साहेबांशी बोलायला बाजूला झाल्या. मल्हारी तिथंच गुडघ्यावर बसला. “याकूबभाई, मला माफ करा.”

“कशाबद्दल?”

“तुमच्यावर आळ येऊ दिला.”

“तो तर तू आत्ता काढला. गावापुढं काढला.” याकूबभाईनं खिशातून पान काढलं, बघितलं, आणि परत ठेवून दिलं. “वरातीचं बोल्ला होतास ते बी गावापुढंच बोल्ला होतास. ते बाकी हाय.”

मल्हारीनं मान हलवली.

“आणि ह्याची माफी मला मागू नको,” याकूबभाई रोह्याकडं बघून म्हणाला. “ज्याला मागायची त्याला माग. मी मधे येत न्हाई.”

पहाटे मल्हारी देवळात गेला, तेव्हा त्याला कुणी अडवलं न्हाई आणि कुणी बोलावलंही न्हाई. काकडा सुरू व्हायच्या आधी त्यानं सुग्रीवकडं माईक मागितला. सुग्रीवनं तो तोंड फिरवून दिला. मल्हारी बोलला, ते कर्ण्यावरून साऱ्या गावावर गेलं, शेतांवर गेलं, याकूबभाईच्या अंगणातही गेलं असणार. “याकूबभाईंच्या दुनळीला मी वरातीतली म्हणालो होतो. ते जवळ जाऊन मारतात, न्हाईतर मारत न्हाईत. मी लांबून मारून मिरवत होतो. ते बोलणं मी परत घेतो.” महाराज मागं बसले होते. त्यांच्याकडं बघायचं धाडस त्याला झालं न्हाई. माईक ठेवून तो मागं जाऊन चपलांजवळ उभा राहिला.

काकडा सुरू झाला. गोपिकाबाई उशिरा आली, चपला काढताना तिला तो दिसला. दाराशेजारच्या खुंटीवरचा टाळ काढून तिनं त्याच्यापुढं धरला आणि तो घेईपर्यंत तशीच उभी राहिली.

मल्हारीनं टाळ घेतला. चाल आली, तीच. ओठांवर आकडे आले, तेच. त्यानं ओठ मिटले. टाळाच्या दोन्ही वाट्या हातात धरून, एकमेकींना न लावता, तो काकडा संपेपर्यंत तिथंच उभा राहिला.